पाटाखालचा कोबा

आमच्या घरात पाऊल टाकलं की माणूस आधी खाली बघतो. "काय कोबा केलाय हो!" म्हणतो, आणि वहाणा दोन हात लांब काढतो. लाल, गुळगुळीत, ओली दोरी मारून चौकटी पाडलेला. आमच्या गावातला पहिला. दहा वर्षं झाली, एक चीर नाही. लोक कौतुक करतात आणि माझ्या अंगाची नुसती आग होते. आजवर कुणाला कारण सांगितलं नाही. आता सांगते, आता लपवून काय करायचंय?

छप्पन साली लग्न होऊन मी या घरात आले. आटगाव स्टेशनापासून दोन कोस आत आमचं गाव. माहेर माझं मुरबाडकडचं. बाबा माझे हेकट. "पोरगी सातवी झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाय," म्हणाले, आणि खरंच काढू दिलं नाही. मी फायनलला बसले तेव्हा केंद्रावर पोरी दोनच होत्या. दुसरी रडत होती, मी पेपर लिहीत होते. पास झाले. जाड कागदाचं सर्टिफिकेट आलं, खाली शिक्का, वर शाईनं माझं नाव, सुंदरा धोंडू हरड. बाबांनी ते मेणकापडात गुंडाळलं, चहाच्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि सासरी निघताना माझ्या हातात दिलं. "दागिना समज," म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले.

सासूबाई सकुबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. बाई हाताला खमक्या आणि तोंडाला त्याहून. तो कागद त्यांनी पहिल्या महिन्यातच बघितला. उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर भाकरी भाजते काय गो?" सगळे हसले. मीही हसले. नवी नवरी दुसरं काय करणार?

वर्षभरानं माझ्या भावाचं, नामाचं, पत्र आलं. शहापूर तालुक्यात नव्या शाळा निघतायत, फायनल झालेल्या बायांना मास्तरीण म्हणून घेतात, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी न्यायला येतो, सर्टिफिकेट तयार ठेव. घरधन्यांनी, म्हणजे कमळाकरनी, ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याबाईंनी त्यांच्या हातातनं पत्र घेतलं, उठल्या, चुलीत घातलं. "आमची सून पगारावर जात नाय. लोक थुंकतील तोंडावर." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तो सरकारी कागद कुठं हाय?"

"माहेरी ठेवलाय," मी म्हटलं. तोंडातनं कशी थाप निघाली माझं मला कळलं नाही.

आता तो ठेवायचा कुठं? माझी ट्रंक त्या आठवड्यातनं दोनदा उघडायच्या. माळ्यावर उंदीर, गोठ्यात वाळवी. विचार करकरून डोकं पिकलं आणि मग एकदम सुचलं, भुई! माजघराची भुई माझी होती. दर आठ दिवसांनी शेण कालवून मीच सारवायची. आत्याबाईंचे गुडघे गेलेले, त्या वाकायच्या नाहीत, आणि पुरुषमाणूस सारवणाला हात लावतो होय? भुईत कुठं खळगा पडला, कुठं पोपडा सुटला, हे घरात एकट्या मला ठाऊक. तेव्हा दुपारी घरात कुणी नसताना मी कणगीच्या कोपऱ्यात वीतभर खणलं, डबा घातला, माती ठोकली, वरनं सारवलं. दुसऱ्या दिवशी मलाही जागा सापडेना, इतकं चांगलं सारवलं. स्वतःवर भारी खूश झाले मी. भुई म्हणजे कायमची आपल्या हातातली, असं वाटलं मला. ही माझी अक्कल!

त्याच वर्षी चैत्रात आत्याबाई कल्याणला भावाकडे चार दिवस राहून आल्या आणि आल्या त्या कोबा घेऊनच. तोंडात दुसरा शब्द नाही. "वैनीच्या पायाला शेण नाय, माती नाय. पाणी सांडलं तर फडक्यानं पुसते. पाहुणा आला तर जाजम टाकायला नको, बसा तिथंच. लाल! नुसता लाल!" आमच्याकडे पाहुणे आले की भुई झाकायला जाजम अंथरायचं, उसवलेलं, एका कोपऱ्यात जळलेलं. त्याची त्यांना फार लाज. सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं, ते त्यांच्या कल्याणच्या भावानं ओळखीवर काढून दिलं. चंदर गवंडी ठरला, आखिती झाल्यावर येणार म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. आखितीला नामा येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी डबा काढणार. सगळं मनात पक्कं केलं होतं.

चंदर आठ दिवस आधीच हजर झाला. दुसरीकडचं काम लवकर उरकलं म्हणे. आणि नेमकी त्याच सकाळी मी बाहेर बसले.

आमच्याकडे बाहेर बसणं म्हणजे चार दिवस पडवीत. आपलं गोणपाट, आपली थाळी, आपला तांब्या. कशाला शिवायचं नाही, उंबऱ्याच्या आत पाऊल नाही, कारण देव्हारा माजघरात. चौथ्या दिवशी न्हाऊन मग आत. एरवी मला ते चार दिवस सुखाचे वाटायचे, खोटं कशाला बोलू, पाठ तरी टेकायची. पण त्या दिवशी पडवीच्या दारातनं समोर सगळं माजघर दिसत होतं, आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात, कणगी हलवली होती तिथं, माझी जागा.

एक आशा होती. गवंडी भुई खणेल, डबा वर येईल, मग होईल ते होईल. पण चंदरनं पहार आपटून बघितली आणि म्हणाला, "खणायचं कामच नाय. काय जमीन बसलीय! सारवण कुणाचं?"

"सुनेचं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी माझं कौतुक केलं ते तेवढंच एकदा.

तेव्हा वरनं नुसते टोचे मारायचे, खडी पसरायची आणि धुमसानं ठोकायची, असं ठरलं. ठोकायला वाडीवरची हिरी कातकरीण आणि तिचा नवरा. हिरी एरवी आमच्या ओट्याच्या वर चढायची नाही, तिला पाणीसुद्धा वरनं ओतायचे. आज कामासाठी ती बेधडक माजघरात. नंतर गोमूत्र शिंपडलं की झालं! मी घरची सून, सारवणारी, आणि मी बाहेर. पण मला त्याच्यातच वाट दिसली.

हिरी पाण्याची घागर घ्यायला पडवीमागं आली तेव्हा मी हळूच हाक मारली. "हिरे, कणगीच्या कोपऱ्यात डबा पुरलाय माझा. वीतभर खोल. तेवढा काढून दे गो, पाया पडते."

"काय हाय त्यात? चांदी?"

"कागद."

"कागुद?" हिरी माझ्याकडे बघतच राहिली. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, म्हणाली, "देते काढून. तू नको रडू."

रडतेय हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

दुपारी चंदर जेवायला बसला. हिरीनं पहार घेतली आणि कोपऱ्यात गेली. तेवढ्यात आत्याबाई आपला पाट घेऊन आल्या आणि नेमक्या त्याच कोपऱ्याशी, भिंतीला टेकून, देखरेखीला बसल्या. तिथं गार वाटतं म्हणे! हिरीनं थोडा वेळ इकडचं तिकडचं केलं, मग धीर करून पाटाच्या बाजूलाच पहार मारली.

"तिथं काय खणतेस गो?"

हिरीनं एकदा दारातनं माझ्याकडे बघितलं. "उंदराचा बीळ हाय, बाय."

शाबास, मी मनात म्हटलं. पण आत्याबाईंनी पाट मागं सरकवला आणि म्हणाल्या, "बीळ हाय तर मोठी खडी घाल नि ठोक चांगला. माझ्यासमोर ठोक. उद्या कोबा खचला तर?"

काय करील बिचारी? तिनं मोठे मोठे दगड आणून त्या जागेवर टाकले आणि धुमस उचलला. धप्. धप्. धप्. प्रत्येक घाव माझ्या छातीत बसत होता. घरातली कुठलीच जागा ठोकली नसेल इतकी ती जागा तिनं ठोकली, आत्याबाई समोर बसलेल्या, करणार काय. जाताना पडवीवरनं गेली तेव्हा तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी घरधनी कामावरनं आले. त्यांना मी तीन हातांवरनं, दबक्या आवाजात सगळं सांगितलं. ऐकलं त्यांनी. वाईट माणूस नाही तो, नुसता आईसमोर त्याच्या तोंडाला कुलूप पडतं.

"चार दिवस थांब. न्हाऊन आत आलीस की बघू."

"तोवर वर कोबा होईल की! मग काय, कोबा फोडणार तुम्ही?"

"हळू बोल. आई ऐकेल." मग बूट काढता काढता म्हणाले, "कागदच तर हाय, सुंदरा."

मी गोणपाटावर भिंतीकडे तोंड करून पडले. बोलून काय उपयोग होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदरनं सिमेंट कालवलं. काम पलीकडच्या कोपऱ्यातनं सुरू करून दाराकडे यायचं असतं, नाहीतर गवंडी आतच अडकायचा. म्हणजे पहिलं घमेलं माझ्या जागेवर. चंदरनं घमेलं उचललं आणि मी उठले. कशी उठले ठाऊक नाही. उंबऱ्याशी गेले, उजवा पाय उचलला आणि आत टेकवला.

"सुंदरा!" आत्याबाईंचा आवाज असा आला की चंदरच्या हातातनं थापी पडली. "तिथंच थांब! देव हाय आत! विटाळ कालवतेस?"

मी थांबले. आता हे नीट ऐका. मला कुणी धरलं नव्हतं. कुणी आडवं आलं नव्हतं. दहा पावलांचं माजघर, कोपऱ्यात चार दगड, बाजूला पहार पडलेली. आत्याबाईंचे गुडघे दुखरे, त्या उठेपर्यंत मी दगड उपसले असते. एवढं सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. आणि मी पाय मागं घेतला. चंदरनं घमेलं ओतलं.

तिसऱ्या दिवशी लाल थर पडला. दोरी ओढून चौकटी पाडल्या, आणि चंदर फळीवर बसून थापीनं घोटत घोटत दाराकडे आला. "आता पाणी धरून ठेवायचं. सात दिवस आत पाय नाय कुणाचा," म्हणाला. झालं! अख्खं घर पडवीत. चूल अंगणात, देव तुळशीपाशी, आत्याबाई जळक्या जाजमावर, माझ्यापासून तीन हात राखून. मी एकटी बाहेरची होते ती सगळेच बाहेरचे झाले. मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. नंतर त्याच पदरानं डोळे पुसले.

आखितीला नामा आला. मी म्हटलं, "सर्टिफिकेट हरवलं." खरं सांगितलं असतं तर त्यानं कोबा फोडला असता, भांडण झालं असतं, आणि मला त्याच्याबरोबर कायमची धाडून दिली असती. विधवा आईच्या दारी. हे मला पेलवलं नाही. नामानं कपाळावर हात मारला. "हरवलं? मग संपलंच की गो. कागदाशिवाय कोण उभं करणार?" असं म्हणून तो चहा न पिता गेला. मलाही तसंच वाटलं. कागद गेला म्हणजे परीक्षा गेली. आम्हां कुणालाच दुसरं काही ठाऊक नव्हतं.

मग दहा वर्षं तो कोबा मी पुसला. रोज. सारवण सुटलं, बाकी काही सुटलं नाही. आठवड्यातनं एकदा खोबरेल लावून फडक्यानं चकाकवायचा. भिंतीकडनं तिसरी चौकट, तिच्याखाली डबा. आत्याबाईंचा पाट कायमचा तिथंच, गार लागतं म्हणून. पुसायला गेले की त्या पाय वर घेणार आणि म्हणणार, "नीट पूस, डाग हाय." मला मुलगी झाली. ती त्या चौकटीवर रांगली, तिथंच पहिलं पाऊल टाकलं. मी अक्षर लिहायची ती फक्त तिच्या पाटीवर. सासरच्यांनी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हेही सांगते. पण सकाळी उठून त्या लाल जमिनीवर पाय ठेवला की वाटायचं, आपल्यालाच कुणीतरी खाली घालून वरनं घोटलंय.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावच्या शाळेत जयाबाई आल्या. एकट्या बाई, तरुण, ठणठणीत आवाज. त्यांना आमच्या शेजारची खोली मिळाली. एकदा तांदूळ निवडत बसलो होतो. बोलता बोलता म्हणाल्या, "गेल्या वर्षी नदी ओलांडताना माझी पेटीच वाहून गेली. कपडे, पैसे, फायनलचं सर्टिफिकेट, सगळं."

माझा हात सुपातच राहिला. "मग नोकरी?"

"नोकरीला काय झालं? ठाण्याला अर्ज टाकला, नक्कल आली."

"नक्कल?"

"अहो, रजिस्टर असतं ना त्यांच्याकडे. कागद वाहून गेला म्हणून पास झालेलं पुसतं काय?"

मी उठले आणि गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकवून उभी राहिले. दहा वर्षं! एका अर्जाची गोष्ट! खाली डबा आहे, डबा आहे, म्हणून मी वरनं तेल चोळत बसले होते. सासूचा राग आला, नवऱ्याचा आला, नामाचा आला, सगळ्यांत जास्त माझा मला आला. नंतर जयाबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वय विचारलं, बोटांवर मोजलं. "मास्तरणीच्या नोकरीला यंदा बसता तुम्ही वयात. पुढच्या वर्षी नाही. नक्कल मागवा, जूनच्या आत नोकरीचा अर्ज जायला हवा." नकलेचा अर्ज मीच लिहिला. तीन कागद फाडले, चौथा बरा साधला.

दोन महिने वाट बघितली. आणि उत्तर कधी यावं? काल. मी बाहेर बसलेली, दुसरा दिवस. महादू पोस्टमन सायकल टेकवून म्हणाला, "सुंदराबाई, ठाण्याचं रजिस्टर पत्र आलंय. सही करा."

"ती बाहेरची हाय," आतनं आत्याबाई. "मला दे. अंगठा देते."

महादूनं माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले, पुस्तक आत नेलं. आत्याबाईंनी अंगठा उठवला, लिफाफा घेतला आणि कोपऱ्यात आपल्या पाटावर जाऊन बसल्या. लिफाफा उलटा धरला, सुलटा धरला.

"सरकारी दिसतंय. कमळाकरला येऊ दे, वाचेल. काय भानगड केलीस गो?" आणि चुलीकडे मान वळवून बघितलं त्यांनी. नुसतं बघितलं. पण ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

मी उठले. उंबऱ्याशी गेले. उजवा पाय आत टेकवला.

"सुंदरा! थांब तिथं!"

कोबा गार लागला. मी दुसरा पाय टाकला. मग तिसरं पाऊल, चौथं. देव्हाऱ्यासमोरनं गेले. "अगो विटाळ! अगो देव!" आत्याबाई ओरडत होत्या, उठायला बघत होत्या, गुडघे उठू देत नव्हते. मी त्यांच्या हातातला लिफाफा धरला. त्या सोडेनात. माझी बोटं त्यांच्या बोटांना लागली आणि त्यांनी चटका बसल्यागत हात मागं घेतला.

"शिवलीस! शिवलीस मला!"

"हो. शिवले."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, खाली बसले. लिफाफा फोडला. कागद पातळ होता, माझ्या पहिल्यासारखा जाड नव्हता, वर लाल शिक्का, नक्कल. मी मोठ्यानं वाचलं. सुंदरा धोंडू हरड. तालुका मुरबाड. उत्तीर्ण. शेवटपर्यंत वाचलं. बाबांची फार आठवण आली.

आत्याबाईंनी मान पुढं केली. शिक्क्याकडे बोट दाखवलं.

"हा तोच काय? भाकरीचा?"

"तोच."

"मग दहा वर्षं कुठं होता?"

"तुमच्या पाटाखाली," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि हिरीचं ते उंदराचं बीळ त्यांना आठवलं असावं, कारण तोंड उघडं पडलं. भिंतीला धरून त्या कशाबशा उठल्या. पाट पायानं बाजूला सारला. खाली लाल कोबा होता, तेवढी चौकट बाकीपेक्षा जरा जास्तच चकचकीत.

"सांगितलं का नाय गो?" असं काहीसं पुटपुटल्या. उत्तर खूप मोठं होतं, आणि मला जयाबाईंकडे जायचं होतं, शाळा सुटायच्या आत.

जाताना मी बादलीतलं फडकं पिळून माजघरावरनं माझी पावलं पुसणार होते, सवयीनं. मग फडकं तसंच टाकलं.